उद्या या हातानं काय करनार?

रेहानाआपांकडे नखं करायला गेलेल्या बाईला पहिल्यांदा थोडा रागच यायचा. बाई रंग निवडायला गेलेली असायची. भिंतीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या, गुलाबी, मोरपंखी, वाळल्या मिरचीसारखा लाल, आणि आपा मात्र तिकडे बघूच द्यायच्या नाहीत. त्या आधी हात मागायच्या. हात त्यांच्या तळव्यावर ठेवला की तो उलटा करायच्या, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून बघायच्या आणि विचारायच्या, "उद्या या हातानं काय करनार?"

"आपा, मला लांब पायजेत, टोकाला चमचम असल्यालं," बाई म्हणायची.

"ते ऐकलं. उद्या काय करनार ते सांग."

हा प्रश्न चुकवून त्यांच्या टेबलावरून रंगीत नखं घेऊन उठलेली बाई मी तरी पाहिली नाही. पाहिलं नाही म्हणजे समोरून सगळं दिसत असताना पाहिलं नाही. माजलगावच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, गल्लीत त्यांच्या सासरचं बांगड्यांचं दुकान, आणि त्याच्या बरोबर समोर आमची खानावळ. आमची म्हणजे आईची आणि माझी. मी परातीसमोर बसले की माझी नजर थेट त्यांच्या टेबलावर जायची. मी तोंडाळ आहे आणि भोचकही आहे. भाकरी थापणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे मोकळेच असतात.

हात धरायची कला आपांनी माहेराहून आणली होती. उमापूरला त्यांची आई डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन घरोघरी फिरायची. काचेची बांगडी भरताना हात कुठे दाबायचा, अंगठा कसा आत मुडपायचा, कुठल्या बाईचं हाड नरम आणि कुठलीचं हट्टी, हे आपा परकर नेसायच्या वयात शिकल्या. "हात आधी बोलतो, बाई मागून," असं त्या म्हणायच्या. सासरीही बांगड्याच भरल्या. मग कधीतरी मोबाईलवर नखांचे व्हिडिओ बघून त्यांच्या मनानं घेतलं, संभाजीनगरला बहिणीकडे राहून कोर्स केला आणि दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल, एक निळा दिवा आणि चार डब्या मांडल्या.

दुकान त्यांचे दीर सलीमभाई चालवायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना त्या कोपऱ्यात मोबाईलची कव्हरं लावायची होती. "भाभी, हितं कोन नखं करतंय? ईदपर्यंत बघतो, मग टेबल हलवा," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून आपा टेबल रोज दोनदा पुसायच्या. आलेल्या बाईला 'हे तुझ्या कामाचं नाही' म्हणून परत पाठवायची त्यांची खोड मात्र काही गेली नाही. मला रागच यायचा. गिऱ्हाईक मिळेना आणि ह्या मिळालेलं घालवतात.

एकदा गेवराईकडची एक नवरी आली, बरोबर दोन बहिणी. तिला दुधासारखी पांढरी नखं हवी होती. आपांनी विचारलं, उद्या काय. म्हणाली, उद्या हळद.

"मग आज जा. हळद होऊ दे, आंगोळ होऊ दे, मंग ये. पांढरं नख हळदीत घातलं तर पिवळंजर्द होतं. लग्नाच्या फोटोत कावीळ झाल्यावानी दिसशील."

नवरी फुरंगटून गेली. हळद झाल्यावर परत आली, तेव्हा आपांनी तिची नखं अशी केली की दोघी बहिणीही बसल्या. तान्ह्या बाळाच्या आईला त्यांनी लांब नखं कधी केली नाहीत. म्हशी धुणाऱ्या बाईची नखं नुसती कापून, घासून, तेल लावून दिली आणि रंग घेऊच दिला नाही.

टिकाऊ नखांचे तीन प्रकार त्यांच्याकडे होते आणि ते त्या आमच्याच भाषेत समजावायच्या. जेल दिव्याखाली वाळतं, पातळ असतं. "जेल म्हंजे सुती लुगडं. नखासंगं वळतं." दुसरी पावडर. नखाला चिकट थर लावायचा, बोट डबीत बुडवायचं, पुन्हा थर, पुन्हा डबी. "ही फरशी. टनक हाय, पर खालून वल लागली की उचलती." आणि तिसरं ॲक्रिलिक, म्हणजे भुकटी कालवून नखाच्या पुढे हवं तेवढं लांब नख घडवायचं. "ही माडी. माडी बांधायची तर खालचा पाया बघावा लागतो, आन वर राहनारं मानूस बी निवांत पायजे."

ॲक्रिलिकचं सामान एका पांढऱ्या डब्यात होतं. कोर्स संपवून येताना आपांनी हौसेनं घेतलेलं. तो डबा वरच्या फळीवर, बांगड्यांच्या खोक्यांच्या वर ठेवलेला असायचा, आणि माजलगावात आल्यापासून तो एकदाही उघडला नव्हता. उद्या काहीच करायचं नाही अशी बाई त्यांना अजून भेटली नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या नखांवर कधी रंग नसायचा. पाच वेळची नमाज, तिच्याआधी हातपाय धुवायची पाच वेळची वजू, पाणी नखाला लागलं पाहिजे. मेंदी मात्र पाण्याला अडवत नाही, म्हणून त्यांची नखं बारा महिने मेंदीनं नारिंगी असायची. मी चिडवायची, "आपा, हलवायानं साखर सोडल्यावानी तुमचं हाय." त्या हसायच्या आणि माझ्या पिठाळलेल्या बोटांकडे बघायच्या.

त्या वर्षी बीडला सौंदर्यप्रसाधनांच्या एका व्यापाऱ्यानं जिल्ह्यातल्या पार्लरवाल्यांसाठी टिकाऊ नखांची स्पर्धा ठेवली. प्रत्येकीनं एक बाई आणायची, तिची नखं तिथेच करायची, आणि पंधरवड्यानं त्याच बाईला परत आणायचं. ज्या हाताची नखं जशीच्या तशी, ती जिंकली. जिंकणारीकडे तो व्यापारी तालुक्यातल्या मुली शिकायला पाठवणार होता. शिकायला मुली आल्या असत्या तर टेबल हलवायचा प्रश्नच मिटला असता. आपा दुपारच्या गर्दीतच खानावळीत आल्या आणि म्हणाल्या, "मंगल, तुझे हात दे."

माझे हात म्हणजे काय सांगू. सकाळपासून गरम पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ, तव्याची धग, मिरचीचा ठेचा, आणि संध्याकाळी हमालांच्या ताटांचा ढीग. मी म्हणाले, "आपा, हारायचं असंल तर बीडपर्यंत कावून जायचं? हितंच हारू की."

"तू हात दे."

हात द्यायचे ठरल्यावर मला हाव सुटली. मी पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. लांब नको तर निदान मध्यम. आपांनी माझं बोट खाली केलं. "तुझं नख दिवसभर पान्यात फुगतं आन चुलीपाशी आकसतं. त्याच्यासंगं फुगनारं आन आकसनारं पायजे. जेल. पातळ. आन नखं आखूड." मी दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलले. बीडला जायचं, स्टेजवर बसायचं आणि हात शाळकरी पोरीसारखे, हे काही मनाला पटत नव्हतं.

बीडच्या त्या सभागृहात आम्ही तिघी गेलो. आईनं खानावळ एक दिवस बंद ठेवली, हीच मोठी गोष्ट. सगळीकडे अत्तर, स्ट्रेट केलेले केस, नव्या पेट्या. परीक्षक बाई लातूरच्या होत्या, ठसठशीत, हसऱ्या, आवाज मोकळा. त्यांनी नियम सांगितले आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या. आपा उभ्या राहिल्या. बुरखा सावरला आणि म्हणाल्या, "मॅडम, टिकाऊ कशाला म्हनायचं ते आदी सांगा. पंधरा दिवस मांडीवर हात घेऊन बसलं तर कायबी टिकतं."

"मग तुम्हीच सांगा, कसं तपासू?"

"सगळ्यांनी रोजचं काम करून यायचं. आन आल्यावर हितं, सगळ्यांसमोर, एकेक भाकर थापायची."

आता गंमत अशी, की बीड जिल्ह्यात चारचौघांत उभं राहून "मला भाकरी येत नाही" असं म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. येत नसली तरी म्हणणार नाही. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली. परीक्षक बाईंनी हसत हसत ती अट लिहून घेतली.

मग काम सुरू झालं. आपांनी माझी नखं कापली, घासली, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट फिरवलं आणि थांबल्या. पुन्हा फिरवलं. माझा हात नाकाशी नेला. "आगं, तेल?"

मी मागे वळून बघितलं. आई दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. पहाटे गाडीत बसायच्या आधी तिनं माझे हात पुढ्यात घेतले होते आणि खोबरेल तेल कोपरापर्यंत चोळलं होतं, नखांच्या मुळाशी अगदी जिरवून. मला वाटलं, आई लाड करते आहे. मी लहान झाल्यासारखी बसून राहिले होते.

"मीच लावलं," आई म्हणाली. "चार बाया हात बघनार. कोरडे हात घिऊन पोरीला कशी पाठवू?"

तेल मुरलेल्या नखावर कुठलंच जेल धरत नाही, हे तिला कोण सांगणार होतं. आमच्याकडे कुठेही जायचं म्हटलं की आधी डोक्याला आणि हातापायाला तेल. आपा तिच्यावर रागावल्या नाहीत. "मावशी, तुमी आईचं काम केलं. आता माजं मी करते," एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. शेजारच्या टेबलांवर रंगाचे पहिले थर चढत होते. मला सलीमभाईंची कव्हरं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग मला माझा धंदा आठवला. सभागृहाच्या मागे दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक चालला होता. मी तशीच पळाले. आचाऱ्याला काही न विचारता ज्वारीच्या पिठाच्या पोत्यात दोन्ही हात घातले आणि चोळायला लागले. कोरडं पीठ तेल ओढून घेतं, हे परातीत तेल सांडलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पीठ तेलकट झालं की झटकलं, पुन्हा नवं. मग भांड्यांच्या पावडरीनं खसाखसा धुतले. आचारी म्हणाला, "ताई, डोक्यावर परिनाम झाला का?" मी म्हणाले, हौ.

परत आले तर आपा माझे ओले हात हातात घेऊन पंख्यासमोर बसल्या. नुसत्या बसल्या. आजूबाजूला बायका फुलं काढत होत्या, खडे चिकटवत होत्या, वेळ संपत चालला होता, आणि ह्या माझी बोटं वाऱ्याला धरून शांत.

"आपा, लावा ना."

"पानी प्यालेलं नख हाय. वाळलं की लहान हुईल. आता लावलं तर आठ दिसात सुटंल. थांब."

तेवढं थांबायला काय लागतं, ते त्या दिवशी मला कळलं. मी थांबू शकले नसते. शेवटी नखं वाळली तेव्हा त्यांच्याकडे एक पातळ थर, एक डाळिंबी रंग आणि एक वरचा थर, एवढाच वेळ उरला होता. ठरवलेली सोनेरी टिकली राहूनच गेली. पण प्रत्येक नखाच्या टोकाच्या कडेवर त्यांनी कुंचला फिरवला, पुढून झाकण लावल्यासारखा, आणि मुळाशी कातडीला रंग टेकू दिला नाही. निकाल नव्हताच त्या दिवशी, पण लोक हात बघत फिरले तेव्हा आमच्या टेबलाशी कुणी फार थांबलं नाही.

तो पंधरवडा खानावळीत सणासारखा गेला. मोंढ्यातले हमाल जेवायला बसले की आधी माझ्या हाताकडे बघायचे. "मंगलताई, हायेत का गेली?" "हायेत, ताट उचला." पैजा लागल्या. ज्यांनी जन्मात बायकोच्या नखाकडे बघितलं नसेल, ते माझ्या करंगळीवर मत द्यायला लागले. आई मात्र कावरीबावरी. तेलाचं तिच्या मनातून जाईना. ती माझ्या हातातून भांडी ओढून घ्यायला बघायची. समोरून आपा ओरडायच्या, "मावशी, करू द्या तिला. न्हाईतर जिंकल्यालं खोटं व्हईल."

परत बीडला गेलो तेव्हा स्टेजवर गॅसच्या शेगड्या, तवे आणि पराती मांडलेल्या होत्या. सगळ्यांनी हात दाखवले. खरं सांगते, पुष्कळ जणींची नखं माझ्यापेक्षा देखणी होती, आणि टिकलेलीही होती. मग पीठ मळायची वेळ आली.

लांब ॲक्रिलिकवाल्या बीडच्या एका मुलीनं बोटं मागे वाकवून नुसत्या तळव्यानं थापायला घेतलं. तरी नखं टोचलीच, भाकरीला चाळणीसारखी भोकं पडली. तीच सगळ्यांत आधी हसायला लागली. एकीचा चमकणारा खडा पिठात गेला आणि तिघी मिळून तो शोधायला लागल्या. एकीच्या पावडरीच्या नखाला गरम पाण्यानं कड सुटली, तिनं तो हात पदराखाली घेतला. सगळं सभागृह हसत होतं, पण कुणी कुणाला टोचून बोलत नव्हतं. घरच्याच अंगणात बसल्यासारखं झालं होतं.

मी परात ओढली. पीठ मळलं, गोळा केला, थापायला सुरुवात केली. तो आवाज सुरू झाला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर धरली. ती टम्म फुगली. मागच्या रांगेतून आईचा हुंदका आला. जन्मभर रोज ढीगभर भाकरी फुगताना बघितलेली बाई त्या एका भाकरीसाठी रडली.

परीक्षक बाईंनी माझे हात धुवून घेतले आणि कापसाचा एक पुंजका मागितला. कापूस त्यांनी प्रत्येक नखाच्या कडेवरून हलकेच ओढला. कुठे जरा जरी कड सुटली असेल तर तंतू अडकतो. अंगठा, तर्जनी, सगळी बोटं, मग दुसरा हात. एकही तंतू अडकला नाही. बाईंनी कापूस वर धरून सगळ्यांना दाखवला आणि माझा नाही, आपांचा हात धरून त्यांना पुढे आणलं.

"आणि तुमची स्वतःची नखं?" त्यांनी माइकवर विचारलं.

आपांनी मेंदीची बोटं पसरली. "मॅडम, माज्या नखाला रोज पाचदा पानी लागाया पायजे. मला ह्येच टिकाऊ. नख वाढून निघून जाईल तवर संगं राहतं." टाळ्या थांबेनात.

माजलगावात उतरलो तर सलीमभाई दुकानाच्या दारात उभे होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "भाभी, बोर्डावर नाव मराठीत टाकायचं का उर्दूत बी?" आपा म्हणाल्या, दोन्हीत. मोबाईलची कव्हरं त्यांनी नंतर दाराच्या बाहेर, छत्र्यांच्या शेजारी लावली.

आज आपांचं बीडला स्वतःचं दुकान आहे, शिकणाऱ्या मुली आहेत. अजूनही आधी हात मागतात, असं ऐकते. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या राहिल्या आहेत त्या जिंकून आल्यानंतरच्या एका दुपारी. त्या कोपऱ्यात आता गर्दी असायची, सगळ्यांना "भाकरीवालं जेल" हवं असायचं आणि निम्म्या जणींना आपा दुसरंच काहीतरी देऊन पाठवायच्या. अशात आई रस्ता ओलांडून गेली. मी परातीवरून बघत होते. वाटलं, तेलाबद्दल पुन्हा माफी मागायला गेली. पण ती स्टुलावर बसली, लुगड्याला हात पुसले आणि टेबलावर ठेवले.

आपांनी ते उलटे केले. अंगठ्याखालचा भाग दाबला. त्या हातांनी माझे वडील गेल्यापासून एक दिवस सुट्टी घेतलेली मला आठवत नाही. बीडला गेलो ते दोन दिवस सोडले तर.

"मावशी, उद्या या हातानं काय करनार?"

आईनं माझ्याकडे बघितलं, रस्त्याच्या पलीकडून, आणि म्हणाली, "उद्या? उद्या काय न्हाई करनार. पोरगी करती."

आपांनी तिचे हात तसेच धरून ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग मला हाक मारली. "मंगल, ये. माजा हात पोचत न्हाई. त्यो पांढरा डबा काढ वरून."

मी दुसऱ्या स्टुलावर चढून डबा काढला. धूळ फुंकली. आपांनी आईचं एकेक नख तपासलं, "पाया चांगला हाय" म्हणाल्या आणि भुकटी कालवायला घेतली. रंग आईनं स्वतः निवडला. कुंकवाचा.

दुसऱ्या दिवशी आई गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात पुढे टेबलावर पसरून, लांब लाल नखं सगळ्या मोंढ्याला दिसतील अशी. हमाल दारात थबकले आणि चपला काढून आत आले. मी थापत होते, रडतही होते थोडी. तेवढ्यात तिनं स्टीलच्या ताटावर नखानं टकटक केलं.

"मंगल," ती म्हणाली, "भाकर करपली बघ."